खिडकी मीच बंद केली

हे मी घरात कधी बोललेलो नाही. बायकोशी नाही, आणि ज्या सावंत साहेबांनी मला काम शिकवलं त्यांच्याशी तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतोय — खरं सांगू, मलाही नीट कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढं कारण पुरेसं असावं.

आधी माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं लक्षात येईल. मी सरकारी खात्यात विधी अधिकारी होतो. कोर्टात उभा राहणारा नव्हे, टेबलावरचा. राष्ट्रीय सुरक्षेच्या कायद्याखाली एखाद्याला खटला न चालवता वर्षभर आत ठेवायचं असेल, तर त्याचे कागद माझ्याकडे यायचे. कायद्यात बसतंय की नाही, ते मी बघायचो. तुमच्या डोळ्यांपुढे अतिरेकी, घातपात असलं काही आलं असेल. तसले कागद क्वचित यायचे. एरवी कुणाच्या तरी डोळ्यात खुपणारा कुणीतरी माणूस असायचा, आणि ऑर्डर निघालीच पाहिजे असा वरून निरोप असायचा.

अशा वेळी काय करायचं? सावंत साहेब म्हणायचे, नकार द्यायचा नाही; नकार देणाऱ्याची बदली होते आणि त्याच्या खुर्चीत मान डोलावणारा येतो. आपण होकार द्यायचा आणि कागदांत एक खिडकी उघडी ठेवायची. म्हणजे आत टाकलेल्या माणसाला ज्या प्रती द्याव्या लागतात, त्यातलं एखादं महत्त्वाचं पान वाचता येणार नाही इतकं पुसट राहू द्यायचं. बघणाऱ्याला ती झेरॉक्सची चूक वाटते. कोर्ट मात्र नेमकं तिथेच बोट ठेवतं — याला न वाचता येणारा कागद दिलात, मग यानं आपली बाजू मांडायची कशी? — आणि माणूस सुटतो. खात्यात हे कुणी उघड बोलत नसे, नजरेनंच चालायचं. मला त्याचा अभिमानही होता. आपण शूर नाही, पण अगदीच नीचही नाही, अशा समजुतीत मी इंद्रलोक कॉम्प्लेक्समधल्या घरी येऊन छान झोपायचो.

पुढे वैशाली माझ्या हाताखाली आली. हुशार, आणि प्रत्येक गोष्ट जिवाला लावून घेणारी. तिला मी हेच शिकवलं.

मग काशिनाथ भोईरचे कागद आले. काशिनाथ आमच्या शेजारच्या खारी गावातला. त्याची बायको हिराबाई आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर मासळी घेऊन बसते, आणि तिची टोपली उतरवून देताना मी त्याला कितीदा पाहिलेलं. गावामागच्या मिठागरांवर डेब्रिजचे ट्रक रिकामे व्हायला लागले होते, तिथे गोदामं उठायची होती. भराव पडला तर भरतीचं पाणी गावात शिरेल, म्हणून हा माणूस ट्रकपुढे उभा राहिला. पुन्हा पुन्हा उभा राहिला. एकदा दगडफेक झाली — कुणी केली देव जाणे — आणि तो सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका ठरला. कागदांत काही दम नव्हता. तसं लिहायला मला एक ओळ पुरली असती. मी ती लिहिली नाही. सही केली आणि पंचनाम्याचं पान पुसट राहू दिलं.

हिराबाईला कुणीतरी सांगितलं की तिसऱ्या मजल्यावरचे साहेब असल्याच खात्यात आहेत. ती दारात येऊन उभी राहिली, आत काही येईना. मी म्हटलं, घाबरू नका, कोर्टात सुटेल. कसं, ते अर्थातच बोललो नाही.

“तुमी बोलताव म्हंजे व्हईल,” ती म्हणाली. “आमाला दुसरा कोन हाय?”

त्याच सुमाराला मी नोकरी सोडली. एका खासगी सल्लागार कंपनीशी बोलणी आधीच झाली होती. बड्या कंपन्यांना सुरक्षेच्या कायद्यांबद्दल सल्ला द्यायचा, सरकार आतून कसं चालतं ते समजावून सांगायचं. यात गैर काय? पुष्कळ जण करतात. सोडण्याची कारणंही सगळ्यांकडे असतात तशीच माझ्याकडे होती, ती राहू द्या.

पहिल्याच आठवड्यात मला काशीमीऱ्याला हायवेवरच्या एका हॉटेलात जेवायला नेलं. समोर बसले होते त्या गोदामांचे शेठ. मला आधी ठाऊक नव्हतं का? होतं. त्यांच्या कंपनीचं नाव मी काशिनाथच्या कागदांत वाचलेलं होतं.

“सर, तारीख लागलीय कोर्टात,” शेठ म्हणाले. “तो माणूस बाहेर येणार काय? सीधा बोला.”

सांगता येत नाही, कोर्टाच्या हातात आहे — कुठलाही वकील दिवसातून दहादा हे म्हणतो. मला का म्हणता आलं नाही? लोभ होता म्हणालात तर सोपं होईल, पण लोभ नव्हता. मला छाप पाडायची होती. नवीन जागा, कडक इस्त्रीचा नवीन शर्ट, मागे सरकारी खुर्ची नाही, आणि दाखवण्यासारखी माझ्याकडे ही एकच गोष्ट होती. म्हणून बोललो. येईल बाहेर, म्हटलं, एक पान पुसट आहे. आणि मग — हे नीट ऐका — त्यांनी पुढचं विचारलंसुद्धा नव्हतं, तरी मी उपाय सांगितला. सरकारनं ही ऑर्डर स्वतःच मागे घ्यायची आणि स्वच्छ प्रती जोडून नवी काढायची. कायद्यात तेवढी मुभा आहे. जुनी ऑर्डरच उरली नाही, तर कोर्ट सोडवणार कशातून? शेठ ताटावरून उठले आणि फोन लावत बाहेर गेले. मी माझी रोटी संपवली.

पुढचं मला हिराबाईनंच जिन्यात उभं राहून सांगितलं. ऑर्डर मागे घेतल्याचा निरोप आला, घरची माणसं धुतलेले कपडे घेऊन तुरुंगाच्या दाराशी गेली. काशिनाथ बाहेर आला. चप्पल घालायला खाली वाकला, तेवढ्यात पोलीस दुसरा कागद घेऊन पुढे झाले. त्यानं तिथेच सही केली आणि वळून आत गेला. तिला त्याच्याशी बोलताही आलं नाही.

“सोडला व्हता ना, सायेब? मंग परत कसा नेला?”

कायदा असाच असतो, मी म्हणालो. आणि दार लावून घेतलं.

तो पूर्ण वर्ष काढून आला. तेवढ्यात मिठागरं बुजली, गोदामं उभी राहिली. मोठ्या भरतीला आता खारीत पाणी शिरतं, आणि भोईरांचं घर खालच्या अंगाला आहे. काशिनाथ हिराबाईच्या बाजूला बसून खाली मान घालून मासळी साफ करतो. हाक मारली तर बघतो, बोलत नाही. मी पिशवी पुढे केली की ती चार बोंबील जास्तीचे टाकते. “तुमच्यासारका मानूस न्हाय, सायेब,” म्हणते. मी ते घरी आणतो आणि आम्ही ते खातो.

हे इथे संपलं असतं तर कदाचित मी तुम्हाला सांगितलंच नसतं. पण मी थांबलो नाही. शेठनी चार ठिकाणी माझं नाव सांगितलं. लोक ताज्या ऑर्डरची प्रत घेऊन येतात आणि विचारतात, यात कुठे काही राहिलंय का? मला ते बघताक्षणी दिसायचं. का दिसणार नाही? माझ्या खुर्चीत आता वैशाली बसते.

मध्यंतरी तिचा फोन आला. आवाज दबलेला. “सर, मी ठेवलेल्या खिडक्या कोर्टात जायच्या आधीच बंद होतायत. आतलंच कुणीतरी फोडतंय. कुणावर लक्ष ठेवू?”

ती मला विचारत होती. शिकवणाऱ्याला. त्या क्षणी मला भीती वाटली, फक्त भीती, आणि तीही माझ्याच कातडीची. मी अगदी मायेनं बोललो. म्हटलं, फोडतंय वगैरे काही नसेल, पण आता हे सोडून दे, वैशाली. दिवस बदललेत. पकडली गेलीस तर नोकरी जाईल, पोरं लहान आहेत तुझी.

“तुम्ही म्हणताय तर ठीक आहे, सर.”

तिनं ऐकलं. अजूनही लोक माझ्याकडे ऑर्डरी घेऊन येतात. मी चष्मा लावून एकेक पान उजेडात धरून बघतो. सगळी पानं स्वच्छ, ठसठशीत, एक अक्षर पुसट नाही. काही अडचण नाही, असं मी कळवतो. आत गेलेला माणूस वर्षभर आत राहतो.