आखाड्याची माती आणि माझा गुडघा

"पाय कापावा लागणार," डॉक्टर म्हणाले. आधी त्यांनी इंग्रजीत सांगितलं, अ‍ॅम्प्युटेशन. मी म्हटलं, काय ते आमच्या भाषेत सांगा. मग त्यांनी माझ्या मांडीवर बोटाने रेघ ओढली आणि म्हणाले, "इथून."

मी हसलो. खरंच हसलो. इस्पितळाच्या खाटेत मी मावत नव्हतो, पावलं बाहेर लोंबत होती, आणि हा काडीसारखा माणूस त्यातला एक पाय उतरवून ठेवायची भाषा करत होता. मग तापाने डोळ्यांपुढे अंधारी आली आणि हसू जिरलं. माझी बायको हिरू भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "आवो, इचारा तरी, दुसरा काय इलाज हाय का नाय."

इलाज! इलाजांनीच तर हा दिवस दाखवलेला.

हे मी बोलतोय आणि आमच्या गावच्या शाळेचे मास्तर लिहून घेतायत. शिव्या त्यांनी गाळल्यात, त्यामुळे मजकूर निम्मा झालाय. सांगायचं कारण एवढंच की जखम कुणालाही होते, आणि जखम झाली की शहाणे गोळा होतात. ते तुमच्याही घरी येतील.

मी आगरी, डोंबिवलीकडच्या खाडीकाठचा. घरचं काम मिठागराचं. देह दांडगा म्हणून मिठागरवाल्या शेटने मला उचलून कल्याणच्या तालमीत ठेवलं. शेटच्या पदरी नावाजलेला पैलवान एकच, राघू. जत्रांमधून कुस्त्या मारायचा तो, फेटा बांधला जायचा त्याला. मी त्याचा जोडीदार. जोडीदाराचं काम काय, तर रोज सकाळी आखाड्यात राघूसमोर नेट लावून उभं राहायचं, त्याला आत घुसू द्यायचं नाही, आणि तो डाव टाकेल ते अंगावर सोसायचे. राघू जिंकला की लोक म्हणायचे, काय चपळ गडी आहे! त्याला चपळ करता करता माझे कान मोडले, बोटं वाकडी झाली, ते कोण बघतो? माझं नाव कल्याणच्या वेशीबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. पण खुराक चांगला होता, आणि कामात मी पक्का होतो. मला रेटून पुढे जाणं राघूला कधी सहज जमलं नाही.

एका सकाळी अशाच रेटारेटीत माझा गुडघा आखाड्याच्या फळीवर आपटला आणि फाटला. वस्ताद धावत आले. वस्ताद म्हणजे मला बापाच्या जागी. उभं कसं राहायचं इथपासून त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी रीतीप्रमाणे मूठभर माती उचलली आणि जखमेत दाबून भरली.

आता ही माती साधी नसते. तूप, ताक, हळद, लिंबू, कापूर घालून ती मुरवतात. आखाड्यात उतरताना ती कपाळाला लावायची. मुका मार लागला, माती. खरचटलं, माती. पण तिच्यात तालमीभरच्या पैलवानांचा घामही मुरतो, आणि रस्त्यावरचं शेण पायांना लागून येतं ते वेगळंच. उघड्या मांसात ती भरू नये हे सांगणार कोण? सांगितलं असतं तर त्याला आम्हीच तालमीबाहेर काढलं असतं.

गुडघा सुजला. वस्तादांनी आणखी माती लावली. गुडघा भोपळ्याएवढा झाला, थंडी वाजून ताप भरला. वस्ताद म्हणाले, माती विष ओढून घेतेय, चांगलं लक्षण आहे. मग बाकीचे आले. एकाने एरंडाची पानं बांधली, एकाने डाग द्यायला सळई तापवली, एकीने दृष्ट काढून मिरच्या जाळल्या आणि मला खोकवून खोकवून मारलं. एक ना धड, भाराभर चिंध्या. हिरू रोज म्हणायची, ठाण्याला सरकारी इस्पितळ आहे, तिकडे चला. तिचं कोण ऐकतो? शेवटी मी माणसं ओळखेनासा झालो तेव्हा तिने भावाला बोलावलं, मला होडीत घातलं आणि ओहोटीच्या पाण्यावर खाडीने ठाण्याला आणलं. ती घाबरून गप्प बसली असती तर मास्तरांना आज लिहायला काही नव्हतं.

तर डॉक्टर. त्यांनी जखमेला सेप्टिक हा शब्द वापरला. म्हणजे आतून सडणं. हिरूने हात जोडले तेव्हा त्यांनी गुडघा पुन्हा दाबून बघितला. मग म्हणाले, एकदा उघडून साफ करून बघतो. ताप उतरला तर पाय राहील. चढला तर मी पुन्हा विचारायला येणार नाही.

त्यांनी क्लोरोफॉर्म दिला. फडक्यावर गोडसर वासाचं औषध ओततात आणि नाकावर धरतात, मग माणसाला काही कळत नाही. मला धरून ठेवायला चार जण लागले असं नंतर कळलं, आणि याचाही दोष मलाच दिला गेला. जागा झालो तेव्हा गुडघ्यावर पांढरी पट्टी होती. तिला कार्बोलिक नावाच्या पाण्याचा वास, नाकातून डोक्यात जाणारा. हे पाणी सडणं थांबवतं. आग अशी होते की सात पिढ्या आठवाव्यात.

ताप उतरायला लागला. मला भूक लागली. वाटलं, सुटलो.

आणि वस्ताद भेटायला आले. पट्टी बघून म्हणाले, कापसाने कधी कुणी बरं झालंय? इकडेतिकडे बघितलं, कनवटीची पुरचुंडी सोडली, पट्टी वर केली आणि चिमूटभर माती आत सोडली. मी बघत होतो. वस्तादांचा हात अडवायचा नाही, ही आमच्यात पहिली शिकवण.

संध्याकाळी दातावर दात आपटायला लागले. डॉक्टरांनी पट्टी सोडली, आत लाल चिखल.

"हे काय आहे?"

"माती, साहेब. औषधाची."

ते स्टुलावर बसले. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू म्हणाले, "पैलवान, ही माती पुन्हा आत गेली तर मी तुझा जीव वाचवीन. पाय नाही."

पुन्हा कापाकापी, पुन्हा कार्बोलिक. हिरूचा नातेवाईक ठाण्यातच टेंभीला राहायचा, तिथून ती पेज करून आणायची. खाटेजवळ बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या मुठी बघायची.

मग उजाडली नागपंचमी. त्या दिवशी आखाडा पूजतात, आणि त्या मातीहून मोठं औषध आमच्या लोकांना माहीत नाही. मी मनात म्हटलं, देवा, आज तरी त्यांना घरी ठेव. दुपारी वस्ताद हजर! मागे राघू, हातात पितळी वाटी, वाटीत पूजेची माती, वर फूल. हिरू आडवी आली. डॉक्टरांनी काय बजावलंय ते तिने सांगितलं. वस्ताद म्हणाले, बाईमाणसाने मध्ये पडू नये. पालथ्या घड्यावर पाणी. ते खाटेपाशी आले, फूल माझ्या उशाशी ठेवलं, मूठ भरली आणि पट्टीकडे वाकले.

मी त्यांचं मनगट धरलं.

तापाने मी निम्मा झालेलो. पण आयुष्यभर मला दुसरं येत काय होतं? समोरच्याला आत घुसू द्यायचं नाही, एवढंच.

"सोड," वस्ताद म्हणाले.

"नाय सोडनार, वस्ताद. मारा पायजे तर. पन आत येऊ देनार नाय."

त्यांनी हिसडा दिला. राघू पुढे झाला, माझी बोटं उकलायला लागला. एकही बोट हललं नाही. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हात काढून घेतला. "वस्ताद, चला," तो म्हणाला. "ह्यो नाय हलायचा. मला म्हाईत हाय."

वस्तादांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा कसा रे उलटलास, म्हणाले, आजपासून तू माझा नाहीस. वाटी घेऊन निघून गेले. मी भिंतीकडे तोंड केलं आणि लहान पोरासारखा रडलो. बापाला दारातून हाकलल्यासारखं वाटत होतं.

पाय राहिला. गुडघा वाकत नाही. मांडी घालून जेवता येत नाही, होडीत चढताना मला ओंडक्यासारखं उचलावं लागतं, आणि कुस्ती संपली. राघूला शेटने दुसरा जोडीदार आणला. मी मिठागरावर राखणीला बसतो. डॉक्टरांचे उपकार फिटायचे नाहीत. हिरूचे तर त्याहून नाहीत, आणि ती मला ते दिवसातून एकदा तरी ऐकवते. ऐकवू दे. तुम्हाला एवढंच सांगतो, प्रेमाने येणाऱ्या माणसाला अडवणं कुस्तीपेक्षा कठीण आहे. तरी अडवा.

गेल्या महिन्यात वस्ताद आमच्या दारात आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. लंगडत होते. ओट्यावर बसले आणि पाय पुढे केला. टाचेत खिळा गेलेला. हिरूने पाणी उकळलं. डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं मी धुतलं, इस्पितळातून आणून ठेवलेलं कार्बोलिक लावलं. वस्ताद दातओठ खात राहिले, पण पाय मागे घेतला नाही. मी स्वच्छ फडकं उचललं.

तेवढ्यात त्यांचा हात कनवटीला गेला. पुरचुंडी बाहेर आली.

"आता वरून चिमूटभर," ते हळूच म्हणाले. "तेवढ्याने काय होतंय?"

काय करावं या माणसाला! मी त्यांचं मनगट धरलं. या वेळी त्यांनी हिसडा दिला नाही. मी एका हाताने तसाच धरून बसलो आणि हिरूने पट्टी बांधली.