चार मजली चेहरा

पुण्यात भित्तिचित्रं करणाऱ्या एका स्टुडिओत मला इंटर्न म्हणून घेतलं, तेव्हा बारामतीकडच्या कळंबला घरी इंटर्न म्हणजे काय ते समजावून सांगताना माझ्या नाकी नऊ आले. शेवटी आबाच, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "म्हंजी शिकाऊ. आसं सरळ सांग की!"

शिकाऊच होते मी. ब्रश धुवायचे, रंग ढवळायचे, बादल्या परांचीवर चढवायच्या. रंग बोटांना लागायचा, पण भिंतीला लावायची वेळ काही येत नव्हती. संध्याकाळी खोलीवर येऊन कागदावर चेहरे काढत बसायची.

मग एका चार मजली इमारतीचं काम आलं. फुलं विकणाऱ्या म्हातारीचं भिंतभर चित्र, त्यात निम्म्याहून जास्त चेहराच. अंगावरचं पातळ, हार, टोपली सगळं रंगवून झालं आणि आमच्या मुख्य चित्रकाराची कंबर धरली. त्याला वाकता येईना. स्टुडिओच्या मॅडम वर बघत म्हणाल्या, "आता चेहरा कोण करणार?"

"मी करते," मी बोलून गेले.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बिघडला तर सगळं शहर बघेल."

"जमला तरी बघेलच की, मॅडम."

त्या हसल्या आणि बाजूला झाल्या.

वर गेल्यावर कळलं, इतक्या जवळून डोळा डोळ्यासारखा दिसतच नाही. नुसते तपकिरी, काळे पट्टे. दिवसभर रंगवून खाली उतरले, रस्ता ओलांडून मागे वळले, तर म्हातारीचा डावा डोळा गालावर घसरलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो डोळा मी स्वतःच पांढऱ्या रंगानं बुजवला आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी थोडं रंगवायचं, खाली यायचं, लांबून बघायचं, परत चढायचं. पोटऱ्या भरून आल्या. दुपारनंतर मॅडम पलीकडच्या फुटपाथवर येऊन उभ्या राहिल्या. मान तिरकी करून चेहरा न्याहाळला आणि ओरडल्या, "उतर आता. आणखी एकदाही हात लावू नकोस!"

मी जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. म्हातारी येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत होती. थेट, दोन्ही डोळ्यांनी. मला रस्त्यात नाचावंसं वाटलं.

त्याच महिन्यात त्यांनी मला नोकरीवर घेतलं. पुढच्या वर्षी बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीची भिंत स्टुडिओकडे आली. मॅडम म्हणाल्या, "तुझा भाग आहे. चित्र तुझं, माणसं तुझ्या हाताखाली." मी माझ्या काकीला काढलं, म्हशीच्या पोटाला डोकं टेकवून धार काढणारी.

काम संपत आलं तेव्हा आबा काकीला मोटारसायकलवरून घेऊन आले. काकी भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"माझं नाक एवढं मोठं हाय व्हय गं?"

"भिंत मोठी आहे, काकी."

"आन् पदर? केस दिसत्यात की समदे. लोक काय म्हणतील?"

मी परांचीवर चढून पदर पुढे ओढला. ती खालून हातवारे करत होती, "आजून! आजून जरासा! हां, बास!" आबा हसून हसून खाली बसले.

तेवढ्यात डेअरीतली पाळी सुटली. गाड्या काढता काढता कामगार थांबायला लागले. एकानं भिंतीकडे पाहिलं, मग काकीकडे, आणि ओरडला, "आरं, ह्याच त्या!" झालं, तिच्याभोवती गर्दी जमली. कुणी फोटो काढतंय, कुणी म्हैस किती दूध देते म्हणून विचारतंय. काकीनं आधी पदर सावरून दोन-चार फोटो ऐटीत काढून घेतले. मग गर्दीतून वाट काढत परांचीखाली आली आणि माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी नुसती बसलीया. काढणारी ही वर हाय. फोटो तिचा काढा!"

हातात ब्रश, गालाला रंग, अशी मी वरूनच हसले आणि खाली सगळ्यांचे मोबाईल माझ्याकडे वळले.