सेनापतीबद्दल तिचं मत

चिनी मालिकेतला सेनापती चुकला नाही, हे माझं मत होतं आणि ते बदलायला मी तयार नव्हतो.

सोमवारी आणि शनिवारी मालिकेचा नवा भाग यायचा. दुपारी तीनला आमच्या बोरीवलीच्या घरात टीव्हीपुढे बायका जमायच्या. समोरच्या दारातली गुजराती बाई, वर्सोव्याहून मासे घेऊन येणारी कोळीण, आणि शनिवारी सुट्टी म्हणून माझी सून. कोळीण पाटी रिकामी झाली की पाणी प्यायला टेकते म्हणायची, पण तिची पाटी बरोबर तीनला रिकामी व्हायची. सोफ्याचा खिडकीकडचा कोपरा माझ्या बायकोचा. ती गावाला होती. त्या कोपऱ्यात कोणी बसत नसे. मीही नाही.

मालिका हिंदीत बोलते, माणसं जुन्या काळातली, लांब बाह्यांचे रेशमी झगे घातलेली. एक सेनापती आहे आणि एक वैद्याची मुलगी. दोघांचं लग्न राजाच्या हुकमाने झालेलं. मुलीचा बाप सीमेवर आजारी पडतो, ती निघते, तेव्हा सेनापती म्हणतो, जायचं तर जा, परत यायचं की नाही ते तुझं तू बघ. ती जाते. मग हा रोज महालाच्या गच्चीत उभा राहून रस्ता बघतो, पण घोड्यावर काही बसत नाही. बायकांनी त्याला शिव्या घातल्या. मी म्हटलं, माणूस एकदा बोलला की बोलला, शब्द म्हणजे काय पान आहे का थुंकायला. गुजराती बाई म्हणाली, काका, तुम्ही त्याचे मामा लागता काय.

ही मालिका आमच्या घरात लावली ती माझ्या बायकोने. सुरुवातीचे भाग तिने त्या कोपऱ्यात बसून, मांडीवर भाजी निवडत बघितले. मी तेव्हा पेपर तोंडापुढे धरायचो. शिमगा झाला आणि गावाहून फोन आला की माझी थोरली वहिनी पडवीत घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. भाऊ केव्हाच गेलेला, बघायला कोणी नाही. दुसऱ्या दिवशी बायको निघाली. पंधरा दिवसांची बोली होती. दोन महिने झाले, वहिनी काठी टेकत चालायला लागली, तरी हिचं यायचं नाव नाही. फोनवर म्हणाली, आता भात लावूनच येईन. मला राग आला. मी म्हटलं, "तिथेच बरं वाटतं ना, मग तिथेच राहा."

ती म्हणाली, "पन्नास वर्सां झाली. तुमी माका एकदा तरी ये म्हटलात?"

आणि फोन ठेवला. त्यानंतर आमचं बोलणं सुनेतर्फे. बाबांच्या गोळ्या संपल्या का, आईंचा गुडघा कसा आहे, एवढंच.

ती बोलली ते खोटं नव्हतं. लग्न झालं तेव्हा मी गिरणीत, एका खोलीत आम्ही गाववाले बारा जण राहायचो. बायकोला कुठे ठेवणार? नऊ वर्षं ती गावी आणि मी इथे. पुढे गिरणी बंद पडली, मी जोगेश्वरीला झोपड्यात खोली घेतली, तेव्हा ती आली. तीही मी बोलावली म्हणून नाही. तिच्या भावाने आणून सोडली. मी दार उघडलं आणि पिशवी हातातून घेतली, झालं.

एका शनिवारी सुनेने मला फोनवर दाखवलं की मालिकेच्या खाली लोक आपली मतं लिहितात. मला वाटलं होतं हे सगळं इंग्रजीत असेल. इंग्रजी होतं, हिंदी होतं, मधे मधे मराठीही होतं. माझं शिक्षण चौथी. अक्षर अक्षर लावून वाचतो, पण वाचतो. कोणी लिहिलं होतं सेनापतीचे डोळे सुंदर आहेत. कोणी लिहिलं होतं मुलीने दुसरं लग्न करावं. एका मताशेजारी गोल चित्र होतं आणि त्यात तुळशीवृंदावन. त्याचा डावा कोपरा उडालेला. तो कोपरा माझ्याच हातून उडाला होता, वासे उतरवताना. आमच्या गावच्या अंगणातलं वृंदावन मी ओळखणार नाही तर कोण?

तिने लिहिलं होतं, "सेनापतीला वाटते की गच्चीत उभे राहिले म्हणजे वाट पाहिली. तिला कसे कळणार? सीमेवरून गच्ची दिसत नाही."

मी सुनेला विचारलं, हे हिने लिहिलं? सून हसली. म्हणाली, आई फोनपुढे बोलतात, फोन लिहितो. मालवणी बोललं तर तो भलतंच लिहितो, म्हणून त्या पुस्तकातल्यासारखं बोलतात. गावात घरी नेटवर्क नाही, त्यासाठी सड्यावर चढून जातात, गुरं चरतात तिथे, आणि दगडावर बसून भाग बघतात. तिच्या मताला किती तरी लोकांनी अंगठा दाखवला होता. आमच्या काळात अंगठा म्हणजे अडाण्याची सही. पण मला ते बघून बरं वाटलं, हे कबूल करतो.

त्या नऊ वर्षांत आम्ही पत्रं लिहायचो. तिला तेव्हा वाचता येत नव्हतं. मुलगा पहिलीत गेला तेव्हा त्याच्या पुस्तकावरून ती शिकली, ती नंतर. माझं पत्र गेलं की पोस्टमन पडवीत बसून मोठ्याने वाचायचा आणि अर्धी वाडी ऐकायची. सासू समोर, वहिनी दारात. तिचं उत्तरही तोच लिहून घ्यायचा. तिथे काय लिहिणार? म्हणून मी लिहायचो, पांढऱ्या गाईला जपा, ती चारा खाते का कळवा. ती सांगायची, गाय चारा खाते पण वाटेकडे बघून हंबरते. असं दोन वर्षं चाललं. एकदा पोस्टमन पत्र खाली ठेवून म्हणाला, तुमच्या गोठ्यात तर दोन बैल आहेत, ही पांढरी गाय कोणाची? वाडी हसली. बायको आत पळाली. हे तिनेच मला सुट्टीत सांगितलं, आणि सांगतानाही पदराआड हसत होती.

मी मुलाचा जुना फोन मागून घेतला. एका बोटाने, दुपारभर बसून, तिच्या मताखाली माझं मत लिहिलं. "स. न. वि. वि. सेनापतीला शिस्त असते. सैन्य सोडून जाता येत नाही. पांढऱ्या गाईचे काय? कळावे." खाली कोणा परक्याने विचारलं, गाय कितव्या भागात आहे.

तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी तुळशीवृंदावन उमटलं. "गाय बरी आहे. लावणीला उभी राहते. सेनापतीचे जेवण कोण बघते?"

मग प्रत्येक भागाखाली आमचं चालू झालं. मी लिहिलं, सेनापतीला महालातलं जेवण मिळतं, पण कुळथाची पिठी कोणाला जमत नाही. तिने लिहिलं, पिठीला लसूण ठेचून घालावी, कापून नाही. मी लिहिलं, वैद्य बाप आता बरा झाला आहे, मुलीने तिथे राहायचं कारण नाही. तिने लिहिलं, कारण नसले तरी माणूस बोलावल्याशिवाय येत नाही. हे वाचून मी दोन भाग काही लिहिलं नाही. सगळी दुनिया वाचत होती, आणि आमच्याशिवाय कोणाला काही कळत नव्हतं. पडवीतल्यासारखंच.

शेवटचा भाग शनिवारी आला. सेनापती अखेर निघतो. सैन्य नाही, नोकर नाही, बर्फातून एकटा. मुलगी अंगणात कापडावर औषधी पाला वाळवत असते. ती मान वर करत नाही. तोही काही बोलत नाही, खाली वाकतो आणि कापडाचं दुसरं टोक धरतो. एवढंच दाखवलं. गुजराती बाई रडली, सून रडली. मी म्हटलं, हे पटलं नाही, एवढ्या मोठ्या माणसाने निरोप धाडला असता तरी चाललं असतं.

कोळीण पाटी उचलत होती. तिने त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "बाबा, सेनापतीचा घोडा काय भाड्याचा होता? बसायचं आणि जायचं. एवढे चाळीस भाग कशाला घालवले त्याने?"

त्या दिवशी मी माझं मत लिहायला बसलो. लिहिलं की शेवट पटला नाही. लिहिलं की मालिका संपली, आता तीन वाजता काय करायचं ते कळत नाही, कोपरा रिकामा दिसतो. मग पुढचं एक अक्षर. बोट त्यावर किती वेळ होतं कोण जाणे. चहा गार झाला. नऊ वर्षं पत्रात लिहिलं नाही ते मी लिहिलं. "ये."

पाच दिवस मी फोन शर्टाच्या खिशात घेऊन फिरलो, भाजीला गेलो तरी. सहाव्या दिवशी उत्तर आलं.

"सेनापती स्वतः गेला होता. निरोप नव्हता धाडला."

मी आधी चिडलो. एवढं लिहिलं तरी हिचं समाधान नाही. मग ते पुन्हा वाचलं, आणखी एकदा वाचलं, आणि चपला घालून बसच्या बुकिंगला गेलो. बुकिंगवाला म्हणाला, आजोबा, गणपती महिन्यावर आहेत, तेव्हाचंच काढा ना, सगळे तेव्हाच जातात. म्हणूनच नको म्हटलं. गणपतीला गेलो तर देवासाठी गेलो असंच होणार. जातानाचं एक दे, उद्याचं. येतानाची दोन.

सून म्हणते, आईंना फोन करून कळवू या. मी नको म्हणून सांगितलं. कोळणीने सुक्या बोंबलांचं पुडकं आणून दिलं. म्हटलं, कोकणात कोणी मासे नेतं काय? म्हणाली, हे वर्सोव्याचे आहेत, काकूंना विचारा फरक. पिशवीत ते आहे, वहिनीच्या खुब्याला लावायचं तेल आहे, आणि माझा एक धुतलेला सदरा.

सेनापती चुकला नाही, हे माझं मत अजून तेच आहे. ते आता मी तिला अंगणात उभा राहून सांगणार आहे.