घंटेवाला आणि माझे आईबाबा

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमचं ऑफिस बंद असतं, कारण आम्ही ज्या परदेशी लोकांचं काम करतो ते नाताळच्या सुट्टीवर जातात. ही सुट्टी मी कित्येक वर्षं एकाच गोष्टीसाठी राखून ठेवत आले. कल्याणच्या खोलीचे पडदे ओढायचे, टीव्हीला गेमचं मशीन जोडायचं आणि एखादा घाबरवणारा गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळून काढायचा. नाताळात घडणारा असला तर उत्तमच. बर्फात गाडलेली शाळा, खेळण्यांचा बंद कारखाना, लाल टोपी घालून दारोदार फिरणारं काहीतरी, असं बरंच माझं पाहून झालंय. मनसोक्त घाबरले की मला छान भूक लागते. टोकावड्याला घरी मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. छत्तीस वर्षांची मुलगी सुट्टीत भुतांपासून पळत असते, हे आईला कोणत्या तोंडानं सांगणार?

मागच्या वर्षी भातझोडणीनंतर पेंढा रचताना बाबा घसरून पडले आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं पार ताठरली होती. मुरबाडच्या डॉक्टरीणबाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला. बाबांनी तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी फडताळात ठेवून दिला. आईचा फोन आला, "माझं नाय ऐकत ते. तूच ये नि बघ."

मी कपड्यांच्या पिशवीत गेमचं मशीनही घातलं.

बाबांनी तीस वर्षं माळशेज घाटातून एसटी चालवली. हा माणूस कशाला भीत नाही, असं सगळं गाव म्हणायचं आणि आम्हीही म्हणायचो. दुपारी जेवणं झाल्यावर मी खिडकीवर गोधडी टांगली, कारण टीव्हीवर ऊन येत होतं. गेम चालवायची रिमोटसारखी वस्तू बाबांच्या हातात दिली आणि म्हटलं, "डाव्या अंगठ्यानं चालायचं, उजव्या अंगठ्यानं मान वळवायची, बोटांनी दारं उघडायची. गाडीपेक्षा सोपं आहे."

गेममध्ये बर्फातलं एक मोठं लाकडी घर होतं. दिवाणखान्यात नाताळचं झाड, आणि घरभर सात विझलेले दिवे. ते सगळे पेटवले की सुटका. पण घरात लाल झग्यातला एक उंच माणूस हातात घंटा घेऊन फिरत असतो. तो आला की कपाटात लपायचं.

"मी कशाला लपू?" बाबा म्हणाले. "चोरासारखा शिरलाय तो."

ते जिन्याखाली तसेच उभे राहिले. घंटेवाला मागून आला आणि त्यानं थेट तोंडासमोर तोंड आणलं. बाबांच्या तोंडून जी आरोळी निघाली, ती मी जन्मात ऐकली नव्हती. रिमोट उडून आईच्या वालांच्या परातीत पडला. आई टीव्हीकडे पाठ करून भिजवलेले वाल सोलत बसली होती. ते तोंड बघायचं नाही, असं तिनं आधीच जाहीर केलं होतं. शेजारच्या काकी धावत आल्या, हातात काठी.

"साप हाय का गो?"

"नाय," आई म्हणाली. "यांना भूत दिसला."

आम्ही इतकं हसलो की काकींना काय झालं ते सांगायलाच वेळ लागला. मग काठी दाराशी टेकवून त्याही बसल्या.

पहिल्या दिवशी बाबा अकरा वेळा पकडले गेले. दुसऱ्या दिवशी जेवण होताच त्यांनी स्वतःच गोधडी टांगली. दोन दिवे पेटले आणि गाडी अडली. घंटेवाला कुठे आहे तेच कळेना. तेवढ्यात आई पाठमोरीच म्हणाली, "तो माडीवर गेला. आता निघा."

"तुला काय म्हाईत?"

"घंटा ऐका ना. वर गेला की आवाज दबतो. आमच्या म्हशी रानात शिरायच्या तेवा मी आवाजावरनंच सांगायची, कुठली कुठं हाय ती."

बाबांनी ऐकलं. दार उघडलं, मागची खोली गाठली आणि तिसरा दिवा लागला. त्यानंतर आई वाल सोलता सोलता सांगत राहिली आणि बाबा चालत राहिले. ती "थांबा" म्हणाली की ते लगेच कपाटात शिरायचे.

चौथ्या दिवशी एका लांब बोळात पांढरं धुकं भरलं. बाबांनी अंगठे उचलले.

"घाटात असंच यायचं," ते म्हणाले. "मागं पन्नास माणसं झोपलेली, नि मला पुढचा रस्ता दिसायचा नाय. भ्या वाटायचं. दर येळी."

"कधी बोलला नाहीत," मी म्हटलं.

"ड्रायव्हर भ्यालाय कळलं तर माणसं झोपतील का?"

आईचा हात थांबला. "मला म्हाईत होतं," ती म्हणाली. "धुक्यातनं आलात की उभ्यानंच दोन तांबे पाणी प्यायचात. म्हणून तर भरून ठेवायची."

बाबा तिच्या पाठीकडे बघत राहिले. मग धुक्यात शिरले आणि त्यांनी बोळ पार केला.

एकतीस तारखेला, ऊन अजून अंगणात असताना, सातवा दिवा लागला. घर उजळलं, बाहेर बर्फ पडू लागला आणि घंटेवाला झाडापाशी गुडघ्यावर बसला. आईनं पहिल्यांदाच वळून टीव्हीकडे पाहिलं.

"एवढासाच हाय?" ती म्हणाली. "आवाजावरनं केवढा वाटला."

बाबांनी उजव्या हाताची मूठ वळली, उघडली, पुन्हा वळली. बोटं तळव्याला टेकत होती. त्यांनी ती मला दाखवली, आईला दाखवली, मग काकींनाही. काकी म्हणाल्या, "ते झालं. पण सुरवात मी बघितली नाय. मी सापाच्या येळी आली."

"मग बसा," बाबा म्हणाले आणि रिमोट त्यांच्या हातात दिला. "डाव्या अंगठ्यानं चालायचं. आणि ही सांगेल तेवा लपायचं, आपलं डोकं चालवायचं नाय."