भानुमतीची जासूसवाली धून

जबलपूरच्या महाराजपुरात वानखेड्यांचं घर विचारलं की गल्लीतली माणसं उलट विचारायची, "कौनसे वानखेडे? जासूसवाली भाभी के यहाँ?" आणि बिनचूक दारात आणून सोडायची. भानुमतीबाईंचा हेरगिरीशी संबंध म्हणाल तर एवढाच, की शेजारी आज कोणती भाजी शिजते आहे ते त्या फोडणीच्या वासावरून सांगत. बाकी बाई सरळ. माहेर अचलपूरकडचं, नवरा रामराव सरकारी कारखान्याच्या स्टोअरमध्ये. लग्नात भांड्याकुंड्यांबरोबर माहेरून एक बेंजो आला होता, टाइपरायटरसारखी बटणं असलेला. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीनं तारा छेडायच्या. शनिवारच्या महिला भजनी मंडळात त्या बेंजोला आणि त्याच्यामुळे भानुमतीला चांगला मान होता.

सदुसष्ट-अडुसष्टची गोष्ट असेल. नणंद जया नागपूरहून आली होती आणि तिला सिनेमा पाहायचा होता. देवाधर्माचा एक सिनेमा लागला होता, पण त्याची तिकिटं संपलेली. समोरच्या टॉकीजवर लांब कोट घातलेल्या माणसाचं पोस्टर होतं. रामराव म्हणाले, "चलो, हाच पाहू. मले तसंही झोपायचंच आहे." आणि खरोखरच, दिवे गेले तसे रामरावही गेले.

पडद्यावर धुकं होतं. एका पुलावरून एक माणूस पाठमोरा चालला होता. तोंड दिसत नव्हतं, नावं येत होती, आणि खालून कुठूनतरी आवाज येत होता, डुंग-डुंग, डुंग-डुंग, जणू टॉकीजच्या फरशीखाली कोणी दबक्या पावलांनी हिंडतं आहे. भानुमतीनं पाय वर घेतले. तेवढ्यात तुतारीसारखं एक वाद्य असं काही किंचाळलं की जयानं तिचा दंड गच्च धरला. मग तीच सुरावट पुन्हा, आणखी वरच्या पट्टीत, आणखी ऐटीत. भानुमतीच्या अंगावर सरसरून काटा आला. तिला वाटलं, आपणच त्या पुलावरून चाललो आहोत, नऊवारीवर लांब कोट घालून, आणि साऱ्या जबलपूरची गुपितं आपल्या पिशवीत आहेत.

पुढचे अडीच तास पडद्यावर पुष्कळ काही झालं. घरी आल्यावर शेजारणींनी विचारलं, "काय होतं सिनेमात?"

"धून होती," भानुमती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वरण चुलीवर ठेवून ती बेंजो घेऊन बसली. वरण करपलं, पण धून सापडली. जया खोलीभर टाचांवर नाचली. संध्याकाळी रामराव घरी आले तर दोघी नणंद-भावजया पदर डोक्यावरून खाली ओढून, भिंतीला चिकटून, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात होत्या.

"काय करून राहिल्या तुम्ही?"

"जासूसी," दोघी म्हणाल्या आणि हसून हसून खाली बसल्या.

ती धून रेकॉर्डवर मिळावी म्हणून भानुमतीनं गोलबाजारातली दुकानं पालथी घातली. रेकॉर्डवर सिनेमातली गाणी होती, नायिकेचं लाजणंही होतं, पण नावं येतानाची ती धून तेवढी नव्हती. रेडिओही गाणीच लावायचा. म्हणजे आता ती उरली होती भानुमतीच्या बोटांत आणि ज्यांनी ज्यांनी सिनेमा पाहिला त्यांच्या डोक्यात.

आणि तिथंच पंचाईत झाली. एका शनिवारी भजनाच्या आधी ती बेंजो लावता लावता धून वाजवत होती. मंडळाच्या प्रमुख शरयूबाईंनी टाळ खाली ठेवले.

"भानुमती, हे कोणत्या देवाचं आहे?"

"देवाचं नाही बाई. जासूसाचं."

शरयूबाई कडक. बाया खाली पाहू लागल्या. टाळ पुन्हा उचलत शरयूबाई म्हणाल्या, "तोही काही कोणाले दिसत नाही, आणि सगळं पाहतो. वाजव पुन्हा." पुढच्या शनिवारपासून शरयूबाईंचे टाळ त्या धुनीवर असे काही बोलू लागले की अभंग सुरू व्हायला उशीर होई.

अशाच एका शनिवारी बाहेर सायकल थांबली. पोस्टातले शरच्चंद्र मोघे खिडकीशी येऊन उभे राहिले. त्यांचं घराणं मराठ्यांच्या अमदानीपासून इथलं. कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं पुस्तकातल्यासारखं. त्यांनी धून शेवटपर्यंत ऐकली, डोळे पुसले आणि म्हणाले, "वहिनी, अप्रतिम. मी तो सिनेमा तीनदा पाहिला. पण शेवटचा सूर चुकतो आहे तुमचा. तो वर जातो."

"वर काहून जाईल? खाली येते."

"वर जातो, वहिनी. असा." आणि पोस्टातल्या त्या गंभीर माणसानं खिडकीत उभं राहून शिट्टी घातली. शेवटचा सूर पतंगासारखा वर गेला.

"हे तर लगनाच्या वरातीतलं वाटून राहिलं," भानुमती म्हणाली. "जासूस काम करून गुपचूप निघून जाते. खालीच येईल तो."

झालं. त्या दिवसापासून महाराजपुरात आणि शेजारच्या अधारतालपर्यंत दोन पक्ष पडले, वरचे आणि खालचे. दूधवाला वरचा होता. शाळेतल्या कुंदाबाई खालच्या. दाखले द्यावेत तर कशाचे? ज्याला त्याला आपलंच ऐकू आलेलं. मोघे पत्र टाकायला आले की फाटकातून वरचा सूर घालत, आणि भानुमती स्वयंपाकघरातून खालचा सूर परत पाठवी. रामराव वर्तमानपत्र वाचत म्हणत, "तुम्ही दोघं पागल आहा." पण त्यांचा पाय हालत असे. हे भानुमतीनं पाहिलं होतं आणि मुद्दामच बोलली नव्हती.

एकदा थंडीत मंडळाची सहल भेडाघाटला गेली. नाव नर्मदेतून, दोन्हीकडच्या पांढऱ्या संगमरवरी कड्यांमधून चालली होती. नाववाला सवयीनं कोणता दगड हत्तीसारखा, कोणता घोड्यासारखा, ते यमक जुळवून सांगत होता. पाण्यावर धुकं होतं आणि सगळ्यांना समोर सिनेमातला तोच पूल दिसू लागला. शरयूबाईंनीच कोपर मारलं. भानुमतीनं बेंजो काढला.

"दीदी, धीरे," नाववाला घाबरून म्हणाला. "ऊपर छत्ते हैं. मधुमक्खी उठ गई तो हम सब नदी में."

वर पाहिलं तर कड्याला मधमाश्यांची काळी पोळी लटकलेली. एवढ्यावर कोणीही बेंजो पिशवीत घातला असता. भानुमतीनं नखी बाजूला ठेवली आणि नुसत्या बोटानं, श्वास रोखून, ती धून अगदी हलकेच वाजवली. बाया ओठ मिटून गुणगुणल्या. कड्यांनी ते सूर झेलून परत दिले आणि खाली संगमरवरात एक अदृश्य जासूस चालून गेल्यासारखं वाटलं. नाववाल्याचं वल्हं आपोआप डुंग-डुंग त्या ठेक्यात पडू लागलं. एक माशी उठून शरयूबाईंच्या नाकावर बसली. बाई हलल्या नाहीत. किनाऱ्याला लागल्यावर मात्र सगळ्याजणी इतक्या हसल्या की प्रसादाचे पेढे वाळूत सांडले.

अकरा-बारा वर्षं गेली आणि एका सकाळी मोघे पत्र नसतानाच धावत आले. सायकल फाटकावर आपटली.

"वहिनी! लागला! तोच सिनेमा, मॅटिनीला लागला! आता होऊ द्या निकाल."

त्या रविवारी दुपारच्या खेळाला महाराजपुरातून तीन टांगे भरून माणसं निघाली. वरचे एका बाजूच्या खुर्च्यांवर, खालचे दुसऱ्या. भानुमतीनं सूर पडताळायला बेंजो बरोबर घेतला होता, चादरीत गुंडाळून. दारावरच्या माणसानं अडवलं. "इसमें क्या है?"

"बच्चा है. सोया है," मागून रामराव अत्यंत शांतपणे म्हणाले. भानुमतीनं बेंजो थोपटला. आत गेल्यावर तिनं नवऱ्याकडे नव्यानंच पाहिलं.

दिवे गेले. धुकं आलं. पूल आला. पाठमोरा माणूस चालू लागला. आणि आवाजच नाही.

नावं येत होती, माणूस चालत होता, आणि टॉकीजमध्ये पंख्यांची घरघर तेवढी. "अबे साउंड!" कोणी ओरडलं. "आवाज दे, भैया!" शिट्ट्या, खुर्च्यांची आदळआपट. एवढी वर्षं वाट पाहिली ती ह्यासाठी?

तेवढ्यात तिच्या शेजारून, अगदी खालून, आवाज आला. डुंग-डुंग. डुंग-डुंग.

रामराव होते. डोळे मिटलेले, हात मांड्यांवर, आवाज छातीतून. ठेका पक्का. आयुष्यभर झोपलेला समजलेला माणूस एवढं सगळं पाठ करून बसला होता!

भानुमतीनं चादर भिरकावली. बेंजो मांडीवर आला. पहिली तार वाजली तसं मोघ्यांनी पलीकडून शिट्टीत तुतारी धरली, शरयूबाईंनी बांगड्यांचे टाळ केले, आणि मग अनोळखी माणसंही उठली. बाल्कनीतून कोणी तोंडानं ढोल वाजवू लागलं. म्हणजे शहरभर, पार बाहेरच्या मझौलीपर्यंतसुद्धा, माणसं ही धून मनात घेऊन फिरत होती तर! दारावरचा माणूस धावत आत आला, बेंजो पाहून म्हणाला, "ये बच्चा है?" आणि तिथंच टाळ्या देत उभा राहिला. पडद्यावरचा जासूस त्या सगळ्यांच्या तालावर चालला. शेवट आला, अर्धी टॉकीज वर गेली, अर्धी खाली आली, आणि छप्पर उडेल असा कल्ला झाला.

आवाज दुरुस्त झाला. "शुरू से! शुरू से!" लोकांनी ऑपरेटरला रीळ पुन्हा लावायला लावलं. आता टाचणी पडली तरी ऐकू आली असती. खरी धून सुरू झाली. भानुमतीला रडू येत होतं आणि हसूही. पुलाच्या टोकाशी जासूस थांबला. सुरावट शेवटच्या पायरीशी आली, चढली, थरथरली, आणि—

धाँय!

गोळी सुटली. धून तिथंच तुटली. शेवटचा सूर नव्हताच. तेव्हा दर खेळाला ह्या गोळीवर टॉकीजभर शिट्ट्या पडल्या होत्या आणि त्या गोंगाटात ज्याला जे हवं ते ऐकू आलं होतं.

मोघे पलीकडच्या खुर्च्यांमधून उठून भानुमतीपाशी आले.

"वहिनी," मोघे क्षीण आवाजात म्हणाले, "गोळी लागली."

"कोणाले हो?"

"आपल्या दोघांनाही."

मग जे हसू सुटलं ते काही केल्या आवरेना. पुढे पडद्यावर काय झालं ते दोघांनी ह्याही वेळी पाहिलं नाही.

रामराव निवृत्त झाले तेव्हा त्यांनी महिला भजनी मंडळात यायची इच्छा बोलून दाखवली. मंडळात पुरुष कसा घ्यावा, ह्यावर पुष्कळ चर्चा झाली. शेवटी शरयूबाईंनी परवानगी दिली, पण चपलांजवळ बसायचं आणि अभंगात तोंड उघडायचं नाही ह्या अटीवर. रामराव दर शनिवारी धुतलेला पांढरा सदरा घालून, केस नीट विंचरून, सगळ्यांच्या आधी जाऊन चपलांजवळ बसत आणि भानुमती बेंजो केव्हा लावते ह्याची वाट पाहत.