जलीलाचे आठ दिवस

माझ्या जिभेला हाड नाही, हे अख्ख्या नाबल गावाला ठाऊक आहे. जलीलाला तर मी तोंडावर काय काय बोलले असेन! "अगं, डोकं कुठं गहाण ठेवलंस?" हे रोजचंच. ती माझी मोठी जाऊ. आमच्या अंगणांमध्ये एकच भिंत, माझ्या खांद्याइतकी. तिच्याकडचं दूध उतू गेलं की तिच्या आधी मला कळायचं. एकदा हमामला निघाली ती साबण घरी ठेवून आणि टीव्हीचा रिमोट पिशवीत घालून. आम्ही आठवडाभर हसत होतो.

एका कामात मात्र तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मार्च सरता सरता कडू संत्र्याची झाडं फुलली की गल्लीतल्या बायका चादरीत फुलं बांधून तिच्याकडे यायच्या. सासूबाईंची, म्हणजे लल्ला तुर्कियांची, तांब्याची कत्तार तिच्या ताब्यात होती. खालच्या हंड्यात फुलं आणि पाणी, वर झाकण, झाकणाच्या डोक्यावरच्या वाडग्यात गार पाणी. खाली मंद आच, आणि नळीतून बाटलीत फुलांचं पाणी थेंब थेंब. वरचं पाणी तापलं की लगेच बदलायचं, आच वाढू द्यायची नाही. जरा नजर हटली की घाणा करपला, आणि करपलेलं पाणी कॉफीत काय, गटारात ओतायच्याही लायकीचं नाही. कॉफीचा एक कप संपेपर्यंत तीन कामं अर्धवट टाकणारी ही बाई तिथं चार-चार तास हलायची नाही. पहिल्या बाटलीत बोट बुडवून लल्ला तुर्किया ते कपाळाला लावायच्या आणि म्हणायच्या, "हात आहे पोरीला." सुनेचं कौतुक त्यांच्या तोंडून वर्षात तेवढंच निघायचं.

फक्त ती तारखा द्यायची. गल्लीतल्या वसीलाला सांगायची, "वसीला, तू गुरुवारी ये. या आठवड्यात नको." मोहोर तीन-चार आठवडे चालतो, म्हणून निभायचं. मी टोमणा मारायचे, "काय मग, मंत्रीणबाईंनी वेळ दिली का?" ती नुसती हसायची. पाळी असताना बाईनं कत्तारला हात लावायचा नाही, अशी आमच्या घरची रीत. तेव्हा तारखेचं कारणही कोणी खोदून विचारत नव्हतं.

सेहेचाळिसाव्या वर्षी तिचं बिनसलं. त्या वसंतात एक घाणा करपला, पुढच्या वर्षी दोन. चूल पेटवून विसरायची, बोलता बोलता मध्येच थांबायची, मग स्वतःवरच चिडून रडायची. लल्ला तुर्किया कुजबुजल्या, "हिच्या आईचंही शेवटी असंच झालं होतं." ते ऐकून जलीलाचा चेहरा पांढराफटक पडला. तिची मुलगी राफिका ट्यूनिसला नर्स आहे, तिनं तिकडच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. एकटी पाठवली असती तर ही बाई भलत्याच गाडीत बसली असती, म्हणून मी सोबत गेले.

डॉक्टरीणबाईंनी तासभर ऐकून घेतलं. शाळेतलं विचारलं, बाळंतपणानंतरचं विचारलं, तपासण्या पाहिल्या. मग म्हणाल्या, "हे म्हातारपणाचं विसरणं नाही. तुमचं लक्ष जन्मापासूनच टिकत नाही. एडीएचडी म्हणतात याला. हा आळस नाही, वेडही नाही. बाईच्या अंगातलं इस्ट्रोजेन लक्षाला हातभार लावतं. पाळीच्या आधी ते उतरतं, तेव्हा पुष्कळ जणींचा त्रास वाढतो. आता पाळी जायचं वय. ते वाटेल तेव्हा चढतं, वाटेल तेव्हा उतरतं."

जलीला एकदम म्हणाली, "म्हणजे ते आठ दिवस खरे होते?"

"कुठले आठ दिवस?" मी विचारलं.

तेव्हा कळलं. पाळी संपली की सात-आठ दिवस तिचं डोकं झाडून काढलेल्या अंगणासारखं लख्ख असायचं. पाळीच्या आधीच्या आठवड्यात मात्र सुईत दोरा ओवणंही व्हायचं नाही. हे तिनं पंधराव्या-सोळाव्या वर्षीच हेरलं होतं. बायकांना तारखा द्यायची त्या याच आठ दिवसांतल्या. एवढी वर्षं ती ते दिवस राखून कत्तारपुढे बसत होती, आणि आम्ही तिच्या तारखांना हसत होतो.

"आता पाळी कधी तीन आठवड्यांत येते, कधी दोन महिने नाही," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "मी कुठले दिवस धरू?"

"ते मलाही सांगता येणार नाही. गोळी देते. सगळ्यांना ती सारखी लागू पडते असं नाही, आणि आमच्याकडेही याची उत्तरं थोडीच आहेत."

परतीच्या गाडीत मला स्वतःची लाज वाटत होती. एकोणीस वर्षं मी तिला भुलक्कड म्हटलं, आणि ते तिच्या मुलीसमोरही म्हटलं.

घरी येऊन लल्ला तुर्कियांना समजावलं तर त्या उसळल्या, "हार्मोन? आम्हाला नव्हते का हार्मोन? आम्ही सात पोरं वाढवली! ऐक जलीला, आणखी एक घाणा करपला तर कत्तार मबरूकाकडे जाईल." मबरूका म्हणजे मी. जळलं मेलं ते तांबं, मला नको होतं. पण जलीला मला अंगणात म्हणाली, "या घरात माझं एकच काम असं आहे, की जे माझ्यामागून कोणी पुन्हा करत नाही. तेवढं राहू दे गं."

या वर्षी आम्ही चंगच बांधला. वसीलाच्या अंगणातल्या झाडाची फुलं आली, तिची वर्षभराची बेगमी. जलीलानं सकाळी गोळी घेतली. मोबाइलवर दर पंधरा मिनिटांची घंटा लावली. मी शेजारी स्टूल टाकून बसले. दीड तास अगदी छान गेला. घंटा वाजली की ती वाडग्यावर हात ठेवून बघायची, पाणी तापलेलं असलं की बदलायची. पहिली बाटली भरत आली होती. इतक्यात भिंतीपलीकडून लल्ला तुर्कियांनी हाक मारली, डोळ्यांत थेंब घालायचे होते. मी म्हटलं, "आलेच पाच मिनिटांत." खरं तर पंधरा-वीस लागली, त्यांनी बोलण्यात गुंतवलं.

वास मला तिथंच आला. धावत आले तर कत्तारपुढे कोणी नाही. जलीला गच्चीवर वाळलेले कपडे घड्या घालत होती, अगदी मन लावून.

"जलीला!"

तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं. खाली येऊन तिनं गॅस बंद केला. राफिकाचा मेसेज आला होता, त्याला उत्तर देता देता कपडे आठवले होते. मी म्हटलं, "घंटा वाजली नसेल गं, मोबाइलच मेला बिघडला असेल."

"वाजली," ती म्हणाली. "मला ऐकू आली. मीच बंद केली."

वसीला भली बाई, रागावली नाही. पण लल्ला तुर्कियांची अट सगळ्यांच्या लक्षात होती. तिसऱ्या दिवशी जलीलानं राख-लिंबानं घासून लखलखीत केलेली कत्तार एकेक भाग करून भिंतीवरून माझ्या हातात दिली.

"ठेव तुझ्याकडेच," मी म्हटलं. "यापुढे मी जागची हलणार नाही. शपथ."

"तू बसणार, गोळी घ्यायची, घंटा वाजणार," ती म्हणाली. "मग मी कशाला बसू?"

मी कत्तार आत नेऊन ठेवली.

गेल्या सोमवारी मी पहिला घाणा लावला. तिला दोनदा बोलावलं, आली नाही. तिचं दार बंद होतं, पण फुलांचा वास तिच्या अंगणात जातच होता, तो मी कसा अडवणार? तासाभरानं भिंतीपलीकडून तिचा आवाज आला, "मबरूका, वरचं पाणी बदल. तापलंय."

मी हात लावून बघितलं. तापलं होतं, तिला नुसत्या वासावरून कळलं होतं. मी बदललं आणि ओरडले, "ये ना बाई इकडे! मला काही जमत नाहीये!"

"जमतंय तुला," ती म्हणाली.

पुढच्या वेळी पाणी तापलं तेव्हा मी हात आखडून तिच्या हाकेची वाट बघत बसले. वाडग्यातून वाफा यायला लागल्या तरी हाक आली नाही. मग मीच उठले आणि पाणी बदललं.