उघड्या टोकापाशी फुटणारा जॉइंट

"मामांचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही. रिपोर्टवर सही करा, मॅडम," साहेब म्हणाले.

मामा म्हणजे आमचे केबल जॉइंटर, केबलची दोन टोकं जोडणारे. इंदिरानगरात जमिनीखालून गेलेल्या अकरा हजार व्होल्टच्या केबलवर त्यांनी केलेला जॉइंट तिसऱ्यांदा फुटला होता. रिपोर्ट विरोधात गेला की ठेकेदार त्यांना घरी बसवणार होता. आणि तो रिपोर्ट माझा होता.

पेठ तालुक्यातल्या नागलीच्या शेतातून येऊन इंजिनिअर झालेली आमच्या घरातली मी पहिली. माझ्या सिम्युलेशनचा मला अभिमान आहे, लपवत नाही. ओव्हरहेड लाईनवर वीज पडली की व्होल्टेजची, म्हणजे दाबाची लाट केबलमध्ये शिरते. पापणी लवायच्या आत सगळं संपतं. या उसळीला आम्ही ट्रान्झियंट म्हणतो. ती कुठे किती चढेल, हे कॉम्प्युटरवर काढायचं. जॉइंटपाशी आकडा सुरक्षित येत होता. म्हणजे दोष मामांच्या कामाचा.

मामा दारातच उभे होते. "ताई, बघू तरी काय काढलंय."

मी स्क्रीन फिरवली. ते वाकून बघत राहिले.

"जॉइंटच्या पुढं लाईन चालू दाखवलीय तुम्ही."

"ड्रॉइंगमध्ये तशीच आहे."

"ड्रॉइंगला काय, ते एसीत बसतंय. तिथला स्विच रस्ता खोदला तवापासून ऑफ हाय. पुढं करंट जातच नाय."

साहेब हसले. "आता मामा शिकवणार आपल्याला!"

मला हसू आलं नाही. पुढे रस्ता असला की लाट निघून जाते. टोक उघडं असलं तर ती भिंतीवर आपटल्यासारखी मागे फिरते, आणि तिथला दाब जवळजवळ दुप्पट होतो.

मी स्कूटर काढली. "बसा मागे, मामा."

"हळू चालवा. रिपोर्टातून वाचलो तर स्कूटरवर नको."

स्विच ऑफच होता. हँडलच्या टॅगवरची अक्षरं उन्हाने उडालेली.

परत येऊन मॉडेलमध्ये टोक उघडं केलं. आकडा जॉइंटला सोसेल त्याच्या वर गेला. तिन्ही वेळा आधी लाईनवर वीज पडल्याची नोंद लॉगबुकात होती. मी ते उघडलंच नव्हतं.

रिपोर्ट बदलला. पहिला कुठे चुकला, तेही लिहिलं. साहेब म्हणाले, ते वाक्य काढा. मी काढलं नाही.

त्या टोकाला सर्ज अरेस्टर बसला, म्हणजे जादा दाब जमिनीत सोडणारं उपकरण. चौथा जॉइंटही मामांनीच केला. तो टिकून आहे.

सॉफ्टवेअरला आपण सांगू तेवढंच कळतं. आता मॉडेल करण्याआधी मी खड्ड्यात उतरलेल्या माणसाला विचारते. डिग्रीला हा विषय नव्हता.